ओबनला कुणाला जायचंय

पडदा वर जातो तेव्हा सकाळ झालेली आहे. स्कॉटलंडमधल्या ड्रिमन गावात मिसेस गेडिस नावाच्या बाई उतारूंसाठी चार खोल्या चालवतात, त्यांच्या घरातली ही न्याहारीची खोली. खिडकीतून तिरपं ऊन आत आलंय आणि नेमकं संत्र्याच्या मुरंब्याच्या बरणीवर पडलंय. आजच्या खेळाची नायिका जणू तीच. तीन टेबलांवर तीन जोडपी बसली आहेत आणि तिन्ही कुजबुजतायत, कारण इथं न्याहारीच्या वेळी मोठ्यानं बोलणारा माणूस एक तर आजारी समजला जातो, नाही तर परदेशी. चौथ्या टेबलावर, आपल्याकडे अर्धी पाठ करून, आपला नायक एकटा बसला आहे. अंड्याचा बलक तो टोस्टच्या कडेनं टिपून घेतोय, आणि त्याचे ओठ हलतायत.

हा हॉरेस टिंडल. यॉर्कशायरमधल्या स्किप्टनचा न्हावी, दुकान विकून टाकलेला, सत्तरी ओलांडलेला, बुटका आणि टापटिपीचा. ओठ हलतायत कारण तो बायकोला काहीतरी सांगतोय. बायको तिथं नाही. हिल्डा टिंडल फेब्रुवारीत वारली.

त्याला वेड लागलंय असं मात्र कुणी समजू नये. हॉरेस अख्खं आयुष्य दुकानात बोलत आला. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की पहिला प्रश्न ठरलेला, यंदा सुट्टीत कुठं? उत्तर आलं की दुसरा, अरे वा, मग? खुर्चीतला माणूस गप्प बसला की हॉरेसला वस्तरा हातातून निसटल्यासारखं व्हायचं. आणि संध्याकाळी घरी यायचा तेव्हा तोंडात एक शब्द शिल्लक नसायचा. हिल्डा काही सांगायची, हा 'हं' म्हणायचा. गावाला अख्खा ग्रंथ वाचून दाखवतोस, ती म्हणायची, आणि माझ्या वाट्याला हं. पुढं तिला अर्धांगाचा झटका आला, ती अंथरुणाला खिळली, आणि शेवटी तिचंच बोलणं गेलं. तेव्हा हॉरेसला बोलायचं होतं. पण खोलीत सदा नर्स, नाही तर शेजारीण.

ती गेल्यावर पातेली सुरू झाली. गल्लीतली प्रत्येक बाई काही ना काही शिजवून आणायची, आणि पातेल्याबरोबर स्वतःही यायची. तो खातो की नाही ते बघत बसायची. मग रिकामं पातेलं परत करायला जावं, तर तिथं चहा, केक आणि आणखी तासभर सहानुभूती. बायका चांगल्या होत्या, त्याबद्दल हॉरेसनं कधी चकार शब्द काढला नाही. पण एके दिवशी त्यानं रेल्वेचा फिरता पास काढला, पाठीला पिशवी लावली आणि तो निघाला. थोडं चालायचं, पाय दुखले की गाडी पकडायची, पुन्हा उतरून चालायचं, उत्तरेला जमेल तितकं.

पहिले दिवस सोन्याचे गेले. डोंगर ओलांडून गाडीनं कार्लाइल, तिथून जुन्या रोमन भिंतीच्या कडेनं पायी. एका दुपारी मेंढरांखेरीज कुणीच नव्हतं तेव्हा तो एकदम मोठ्यानं म्हणाला, हिल्डा, त्या नगरसेवकाच्या केसांच्या टोपाची गोष्ट तुला सांगितली होती का गं मी? आणि त्याला ती ऐकताना दिसली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, केसांना रोलर लावलेली, हातात कप. त्या क्षणापासून तो बोलत सुटला. दुकान उघडलं त्या दिवसापासून क्रमानं सगळं. ग्लासगोपर्यंत येईतो तो मोठ्या बर्फाच्या हिवाळ्याला पोचला होता. म्हणजे निम्मं आयुष्य सांगायचं बाकी, आणि स्किप्टनला परतलं की पुन्हा पातेली. जे काही बोलायचं ते या रस्त्यावरच.

आणि आता, त्या ड्रिमनच्या खोलीत, दुसऱ्या पात्राचा प्रवेश होतो. उंच, पुढं वाकलेला, बगळ्यासारख्या मानेचा म्हातारा. मिसेस गेडिस त्याला दारातच थांबवून कानात काही सांगतात. तो मान डोलावतो आणि सरळ हॉरेसच्या टेबलापाशी येतो.

इथं बसलो तर तुमची काही हरकत, असं त्यानं विचारलं. या प्रश्नाला त्या देशात एकच उत्तर आहे आणि हॉरेसनं ते दिलं. नाव कळलं, आयव्हर प्रॉसर. वेल्सच्या डोंगरात एका धरणावर राखणदार होता, आता निवृत्त. पुढं दोन घोट शांतता गेली. मग ती जुनी सवय हॉरेसच्या जिभेवर आपसूक चढली. त्यानं विचारलं, मग, कुठवर जायचा बेत?

बस्स. धरणाचे दरवाजे उघडले.

लोमंड सरोवराच्या काठानं ते दोघं निघाले तेव्हा प्रॉसर धरणाच्या पायाभरणीपर्यंत आला होता. सरोवर निळं होतं, ओकच्या झाडांत कोवळा पाला होता, आणि वाटेवरचं सगळं हॉरेसला हिल्डाला दाखवायचं होतं. पण प्रॉसर सांडव्यात पडलेल्या मेंढीचं सांगत होता. मेंढी निघाली, मग शेजाऱ्याचा बोकड आला. बोकड संपला, मग मावशीचा हर्निया. हॉरेस मनातल्या मनात हिल्डाला हाक मारून बघायचा. ती यायची नाही. रोलर लावलेल्या केसांनी परक्या माणसापुढं यायला तिला कधीच आवडलं नव्हतं. प्रॉसर मात्र घशाच्या गोळ्या चघळत चघळत बोलत राहायचा. इतकं बोलल्यावर घसा धरणारच, हॉरेस मनात म्हणायचा, आणि तोंडानं म्हणायचा, अरे वा, मग?

सुटायचे प्रयत्न त्यानं केले. मी जरा हळू चालतो, तुम्ही व्हा पुढं, असं एकदा सुचवून पाहिलं. छे छे, प्रॉसर म्हणाला, मलाही हळूच आवडतं. मग हॉरेसनं वेग वाढवला, तर तो बगळाही लांब ढांगा टाकत आला. एके पहाटे तर हॉरेसनं बेकन आणि अंड्यांवर पाणी सोडलं, बूट हातात घेऊन मोज्यांवर जिना उतरला आणि मुक्कामाच्या घराचं दार हलकेच उघडलं. बाहेर पायरीवर प्रॉसर बुटाची नाडी बांधत बसला होता. दोघंही दचकले. वा, प्रॉसर म्हणाला, तुम्हालाही लवकर निघायचं होतं? आणि दोघं बरोबर निघाले.

सोबत नको म्हणायचं, एवढंच होतं. दोन शब्द. पण हॉरेस ज्या लोकांत वाढला तिथं माणूस एक वेळ दात न बधिरवता काढून घेईल, पण समोरच्याला तुमची सोबत नको असं म्हणणार नाही. त्यातून पहिल्याच सकाळी प्रॉसरनं उलट विचारलं होतं, तुमचा बेत कुठला? हॉरेसच्या तोंडून पटकन ओबन निघून गेलं. समुद्रकाठचं गाव, नाव आठवलं म्हणून. प्रॉसर म्हणाला, काय योगायोग, मीही तिकडंच. आता पुढं ओबन होतं, ओबनच्या पुढं बोटी, बोटींच्या पुढं बेटं, आणि प्रत्येक बेटावर प्रॉसर.

सरोवर संपलं तिथं आर्डलुईचं छोटं स्टेशन आहे. हॉरेसचा गुडघा कुरकुरत होता, तेव्हा इथून गाडी पकडायचं ठरलं. गाडी आली, दोघं पुढच्या डब्यात चढले आणि गार्ड आली. मोराग नावाची भरभक्कम बाई, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही पोचावा. तिनं नेहमीची सूचना दिली. क्रियानलारिकला गाडीचे दोन भाग होतील. पुढचे डबे ओबनला, मागचे रॅनॉकच्या माळावरून उत्तरेला. गाडी थोडा वेळ थांबेल, फलाटावर चहा मिळतो, आपापला डबा बघून बसा, नंतर माझ्या नावानं बोंबलू नका.

हॉरेसच्या डोक्यात दिवा लागला. रॅनॉकचा माळ म्हणजे नजर पोचेल तिथवर दलदल, गवत आणि हरणं. तिथं हिल्डाला कुणाची लाज वाटायचं कारण नव्हतं. चहाला म्हणून उतरायचं आणि मागच्या डब्यात जाऊन बसायचं, इतकंच. पुढच्या नाताळला प्रॉसरला एक छानसं कार्ड पाठवायचं. लबाडी होती, पण उद्धटपणा नव्हता, आणि हॉरेसच्या हिशेबात त्या दोन गोष्टी फार वेगळ्या होत्या.

क्रियानलारिक आलं. हॉरेस म्हणाला, चहा आणतो. पिशवी पाठीला लावली तशी त्याला वाटलं, आता हा विचारणार चहाला पिशवी कशाला. म्हणून आधीच सांगून टाकलं की पाकीट तळाशी आहे. प्रॉसरनं काही विचारलं नाही. तोही आपली पिशवी काढत होता. जरा पाय मोकळे करतो, म्हणाला, आणि घशाच्या गोळ्याही हिच्यातच आहेत.

हॉरेसनं दोन चहा घेतले, कारण एकच घेणं त्याच्या जिवावर आलं. पुढच्या डब्यात चढणाऱ्या एका मुलीच्या हातात त्यानं एक कप दिला. खिडकीपाशी उंच मानेचे गृहस्थ येतील, त्यांना द्या, म्हणाला. मग आपला कप सांभाळत, मान खाली घालून, तो फलाटाच्या कडेनं मागं गेला. नाटकात खुनी पळतो तसा, पण चहा न सांडता. शेवटच्या डब्यात चढला. डबा जवळजवळ रिकामा. अगदी टोकाच्या बाकावर कुणी नकाशा उघडून वाचत होतं. हॉरेसनं पिशवी ठेवली, समोरच बूड टेकलं, आणि इतका मोठा श्वास सोडला की नकाशा हलला.

नकाशा खाली आला. वर बगळ्यासारखी मान होती.

हा माणूस आपल्या मागावर आहे, हॉरेसला वाटलं. हा पार उत्तर ध्रुवापर्यंत येणार. प्रॉसरचाही चेहरा उतरला होता, पण ते हॉरेसला दिसलं नाही. दोघं पाठोपाठ बोलले. चुकीच्या डब्यात चढलो वाटतं. अरेच्चा, मीही.

तेवढ्यात दारात मोराग आली. "ओबनचं कोण आहे इथं? असाल तर आत्ता निघा. पुढचे डबे सुटतायत."

"मिस्टर प्रॉसर, तुम्ही व्हा पुढं," हॉरेस म्हणाला. "माझा गुडघा धरलाय. आलोच मी मागनं."

"छे, तुम्हाला असं टाकून कसा जाऊ? आधी तुम्ही."

"नको नको, तुमची गाडी चुकेल."

"आजोबा, दार रुंद आहे," मोराग म्हणाली. "दोघंही एकदम मावाल."

कुणी उठेना. हॉरेसला एवढंच कळत होतं की आपण उठलो तर हा उठणार, आणि हा उठला तर आपल्याला उठावं लागणार. त्यानं कपात पाहिलं. प्रॉसरनं नकाशात. बाहेर शिट्टी झाली, पुढचे डबे एक हिसका देऊन सुटले आणि प्रॉसरचा चहा घेऊन ओबनच्या दिशेनं वळणाआड गेले.

मोराग दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "ओबनला कुणाला जायचंय?"

हॉरेसनं हातातला कप फिरवला, प्रॉसरनं नकाशाची घडी घातली.

"म्हणजे कुणालाच नाही. मग आर्डलुईला पुढच्या डब्यात कशाला बसला होता?"

"हे ओबनला जाणार होते म्हणून," प्रॉसर म्हणाला.

"मी बोलून गेलो होतो म्हणून," हॉरेस म्हणाला.

"आणि तिथून चोरासारखे इकडं? कुणापासून पळताय?"

आता हॉरेसनं जे केलं ते त्यानं उभ्या जन्मात केलं नव्हतं. त्यानं कप असलेला हात उचलला आणि समोर दाखवून म्हणाला, "यांच्यापासून."

शब्द निघून गेले आणि त्याच्या कानशिलांवर घाम आला. आता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. प्रॉसरनं डोळे मिटले. त्याचे उंच खांदे हळूहळू खाली आले, जणू कुणी पाठीवरचं पोतं उतरवून घेतलं.

"देवाचे उपकार," तो म्हणाला. "मीही तुमच्यापासूनच."

मोरागला हसू आवरेना. तुम्हाला दोघांना दंड करायला हवा होता, ती म्हणाली, पण कशाबद्दल ते नियमांत नाही. आणि तिकीट न बघताच ती पुढं निघून गेली. तिचं हसणं पलीकडच्या डब्यातून बराच वेळ ऐकू येत होतं.

मग सगळं बाहेर आलं. प्रॉसर आयुष्यभर त्या धरणावर एकटा राहिलेला माणूस. रविवारच्या प्रार्थनेला चार शब्द, तेवढंच काय ते माणसांशी बोलणं. हिवाळ्यात तर तेही नाही. आणि त्याला ते आवडायचं. स्कॉटलंडला तो कुणी भेटू नये म्हणूनच आला होता. पण ड्रिमनला मिसेस गेडिसनी कानात सांगितलं होतं, ते बघा, बिचाऱ्यांची बायको गेलीय, एकटेच पुटपुटत बसलेत, त्यांना एकटं सोडू नका हो. मग काय करणार? माणुसकी म्हणून बसला. वाटलं, एक न्याहारी. आणि न्याहारीला हॉरेसनं विचारलं, कुठवर जायचा बेत.

"त्यानंतर तुम्ही थांबूच देईनात," प्रॉसर म्हणाला. त्याचा आवाज खरंच चिरकला होता. "मी गोष्ट संपवली की तुम्ही म्हणणार, अरे वा, मग? माझ्या घशाची सालं निघाली, टिंडल. मला वाटलं, या माणसाला एकटेपणा खातोय, याला बोलणं हवंय. माझ्या गोष्टी तर दुसऱ्याच दिवशी संपल्या. माझ्या मावशीला हर्निया कधी झालाच नव्हता."

"झाला नव्हता?"

"मावशीच नाही मला."

हॉरेसचं पोट हसण्यानं हलायला लागलं. हिल्डा आजारी पडल्यापासून तो असा हसला नव्हता. चहा सांडला, डोळ्यांतून पाणी आलं, गुडघा दुखायचा थांबला. त्या पहाटेचं आठवून तो आणखीच हसला. पायरीवर बसलेला प्रॉसरही पळूनच चालला होता, बेकन सोडून.

हसू ओसरल्यावर त्यानं सांगितलं की ते 'अरे वा, मग' काही खरं नसतं, ती हाताची सवय आहे, कात्री चालते तशी जीभ चालते. आणि मग, दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं ते सांगितलं. "मला बायकोशी बोलायचं होतं. खूप राहून गेलंय."

"ती वारली ना? मिसेस गेडिस म्हणाल्या."

"वारली. म्हणून तर आता तिला वेळ आहे."

दुसरा कुणी असता तर त्यानं हॉरेसच्या हातावर हात ठेवला असता, नाही तर डॉक्टरचं नाव सुचवलं असतं. प्रॉसरनं थोडा विचार केला. तो स्वतः धरणाच्या पाण्याशी बोलायचा, पुष्कळ वर्षं.

"मग माझ्याशी कशाला बोलत बसलायस?" तो म्हणाला. अहो-जाहो त्या डब्यातच संपलं, प्रॉसरचा आयव्हर झाला. "आणि तो उरलेला चहा दे इकडं. माझा ओबनला गेला. पण दे, आणि काही विचारू नकोस."

हॉरेसनं कप दिला. काही विचारलं नाही. जीभ टाळूला लावून बसला, त्याला ते जड गेलं, पण जमलं. आयव्हरनं पिशवी उचलली आणि डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पाठ करून, खिडकीशी जाऊन बसला. आयुष्यात कुणी आपल्यासाठी इतकं केलं नाही, असं हॉरेसला त्या पाठीकडं बघून वाटलं.

गाडी वर चढत गेली. झाडं मागं पडली. माळ उघडला, तपकिरी, ओला, आकाशाएवढा, मध्ये मध्ये काळ्या पाण्याची डबकी. हरणांचा एक कळप मान वर करून गाडीकडं बघत उभा होता. हॉरेसनं कपाळ काचेला टेकवलं. ऐकतेस का, तो म्हणाला, अगदी हळू. मोठ्या बर्फाचा तो हिवाळा. दुकानातलं पाणी गोठलं होतं, आणि मी गिऱ्हाइकांची दाढी चहाच्या किटलीतल्या पाण्यानं केली. तुला कधी सांगितलंच नाही, तू उगाच काळजी करशील म्हणून. ती आली. स्टुलावर बसली, रोलर लावून. मग त्यानं तिला या प्रॉसरचंही सांगितलं, नसलेल्या मावशीसकट, आणि ती इतकी हसली की कप खाली ठेवावा लागला तिला. हॉरेसनं डोळे पुसले नाहीत. पुसायला लावणारं कुणी जवळ नव्हतं, हेच तर सुख होतं.

रॅनॉकला आयव्हर उतरायला निघाला. हॉरेस पुढं कोराउरला जाणार होता, जिथं स्टेशन आहे आणि रस्ताच नाही. आयव्हर दारापाशी थांबला. दोघांनी हात मिळवले. भेटून आनंद झाला, असं म्हणायची पद्धत आहे, पण आता खोटं बोलायची गरज उरली नव्हती. आणि गंमत म्हणजे आता ते थोडं थोडं खरं झालं होतं.

आयव्हर फलाटावर उतरला, दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"उद्या तिथून कुठल्या दिशेनं निघणार?" त्यानं विचारलं.

"कशाला रे?"

"तिकडं येऊ नये म्हणून."

"उत्तरेला," हॉरेस म्हणाला.

आयव्हरनं लांब मान वळवून आपल्या बाजूचा माळ पाहिला, पार खालपर्यंत. मोरागनं पलीकडून दार लावायची खूण केली. हॉरेसनं पायरीवर उभं राहून हात पसरला, सगळा देश आपल्या मालकीचा असल्यासारखा.

"मग दक्षिण सगळी तुझी, आयव्हर."